जळक्या घाण्याची बिअर

घोटराव हे त्यांचं खरं नाव नव्हतं. पण खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता फारशी उरली नव्हती, आणि घोटराव म्हणणारी त्यांच्या तोंडावर तसं म्हणत नव्हती. कॉफी भाजून विकणं हा त्यांचा धंदा. बाजाराच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली, खोलीत काळाकुट्ट लोखंडी ढोल, ढोलाखाली जाळ, एका बाजूला पोत्यांची चळत आणि या सगळ्याच्या मधोमध, देवाने विशेष सवड काढून घडवल्यासारखे, घोटराव.

ढोलात एका वेळी मावेल तेवढा माल म्हणजे एक घाणा. घाणा भाजून झाला की घोटराव त्यातली चिमूटभर कॉफी दळायचे, गरम पाण्यात घालायचे आणि खिशातला चमचा काढून चव घ्यायचे. चव घ्यायचे म्हणजे चमचा ओठांशी नेऊन असा काही सुरका मारायचे की शेजारच्या शिंप्याची कात्री अर्ध्या कापडात थबकायची. मग तो घोट तोंडातल्या तोंडात फिरवायचा, डोळे मिटायचे, कपाळावर आठ्या घालायच्या आणि पायाशी ठेवलेल्या पितळी डब्यात थुंकून टाकायचा. धंद्यातले सगळेच असं करतात, त्यात नवल नाही. नवल हे की घोटरावांनी उभ्या आयुष्यात कॉफीचा एक थेंबही घशाखाली उतरू दिला नव्हता. "पिणं हे गिऱ्हाइकाचं काम," असं ते म्हणायचे, आणि गिऱ्हाईक हा शब्द ते असा उच्चारायचे की गिऱ्हाइकाला घरी जाऊन आरशात बघावंसं वाटे.

हळूहळू ही सवय डब्यापुरती राहिली नाही. घोटराव जगच चमच्याने चाखायला लागले. पाहुणा उंबरठा ओलांडून खुर्चीत टेकेपर्यंत त्याच्याबद्दलचं मत तयार. सिनेमाची नावं पडद्यावरून जायच्या आधी हे दाराबाहेर. डॉक्टरांच्या पहिल्या वाक्यालाच डॉक्टर बदलायचा. एकदा मत झालं की झालं. ते बदलायचं म्हणजे थुंकलेलं पुन्हा तोंडात घेण्यासारखं, आणि घोटराव स्वच्छतेचे भोक्ते.

अशा माणसाला जावई मिळणं सोपं नव्हतं आणि अशा माणसाचा जावई होणं त्याहून अवघड. जावई विमा कंपनीत नोकरीला होता. लेकीने स्वतःच शोधला होता, हा त्याचा पहिला दोष. पहिल्यांदा घरी आला तेव्हा घोटरावांच्या हाताने भाजलेल्या कॉफीत त्याने साखर घातली. चव बघितली आणि आणखी घातली. घोटरावांनी त्याच क्षणी मनातल्या मनात डबा जवळ ओढला. लग्न झालं, कारण लेकही बापाच्याच वळणाची, एकदा ठरवलं की ठरवलं. तेव्हापासून घोटराव जावयाशी अतिशय आदराने वागत. "या," "बसा," "घ्या," "निघालात?" एवढे चार शब्द त्यांनी त्याच्यासाठी राखून ठेवले होते, आणि त्यातला शेवटचा ते सर्वांत प्रेमाने उच्चारत. जावई बिचारा त्यांना 'सर' म्हणायचा.

मग या जावयाने विमा कंपनीची नोकरी सोडली आणि एका बंद पडलेल्या टायरच्या गॅरेजात बिअर बनवायला सुरुवात केली. साधी बिअर नाही, क्राफ्ट बिअर. म्हणजे कारखान्यात जे काम एक बटण करतं ते चार शिकलेली माणसं रबरी बूट घालून करतात, आणि ते घालून फोटोही काढतात. या बातमीवरून बापलेकीचं फोनवर कडाक्याचं वाजलं, आणि त्या दिवसापासून लेकीने भट्टीवर पाऊल टाकलं नाही. लहानपणी ती या पोत्यांवरच झोपायची. लग्नानंतरही दर रविवारी येऊन चळतीवर बसायची आणि शेंगा सोलाव्यात तसे बापाशी वाद घालायची. आता रविवार यायचे ते नुसते कॅलेंडरात. दारात जरा काही हललं की घोटराव मान वर करायचे. बायकोने विचारलं तर म्हणायचे, "मांजर आलं का बघतोय." भट्टीवर मांजर नव्हतं, कधीच नव्हतं.

असे काही महिने गेले आणि एके दिवशी बायको भट्टीवर येऊन उभी राहिली.

"जावईबापूंनी बोलावलंय. नवीन बिअर काढलीय. कॉफी घातलेली. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना चाखायला देणार आहेत."

"मी दारू पीत नाही."

"तुम्ही कॉफी तरी कुठे पिता?"

घोटरावांनी पोत्याची शिवण तपासायला घेतली.

"थुंकायचंच आहे ना? मग ती बिअर असली काय नि गंगाजळ असलं काय. आणि ऐका, लेकीने निरोप दिलाय. वाईट वाटलं तर वाईट म्हणा म्हणाली, पण घरी जाऊन म्हणा. तिथे बाहेरचे लोक असतील. एक हॉटेलवाल्या बाई येणार आहेत. त्यांना आवडलं तर त्या आपल्या सगळ्या हॉटेलांत ठेवतील. नाहीतर गॅरेजला कुलूप."

"मी कशाला वाईट म्हणीन?"

बायकोने याचं उत्तर दिलं नाही. काही प्रश्नांना उत्तर देणं म्हणजे वेळेचा अपमान असतो, हे तिला संसाराने शिकवलं होतं.

शनिवारी गॅरेज ओळखू येत नव्हतं. भिंतीवरचे ऑइलचे डाग तसेच ठेवले होते, पण त्यांच्यावर दिवे सोडले होते, त्यामुळे ते डाग न राहता सजावट झाले होते. मागे चकचकीत टाक्या, पुढे लाकडी फळ्यांची टेबलं, कोपऱ्यात कुंडीत एक उंच झाड. जमलेली मंडळी ग्लास उजेडात धरून बघत होती, जशी एक्स-रेची फिल्म बघावी. एक दाढीवाले गृहस्थ होते, ते खाण्यापिण्यावर लिहायचे. त्यांनी काळ्या बिअरचा एक घोट घेतला, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "यात एक प्रकारची जुनी वेदना आहे." शेजारच्या तरुणीने लगेच होकार भरला. तिला वेदनेच्या मागे थोडं चॉकलेटही लागलं होतं. हॉटेलवाल्या बाई, अंगाने भरभक्कम आणि बोलायला मोजक्या, एका उंच स्टुलावर बसल्या होत्या आणि कुणाच्याच वेदनेत रस घेत नव्हत्या. शांतपणे पीत होत्या.

लेक लांबून "आलात?" एवढंच म्हणाली. तिच्या हातात ट्रे होता, ट्रेमुळे दोघांचीही सोय झाली. जावयाने स्वतः ग्लास आणून दिला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"घ्या, सर." मग आवाज खाली आणून म्हणाला, "एक सांगू का? बिअर गिळल्याशिवाय कळत नाही. कडूपणा शेवटी घशात उतरतो, तिथे खरी चव..."

"बरं," घोटराव म्हणाले आणि खिशातून चमचा काढला.

पुढचं झालं ते सवयीने झालं, त्यांनी ठरवून काही केलं असं म्हणता येणार नाही. चमचा ग्लासात बुडाला, ओठांशी गेला, आणि त्या गॅरेजात टायर फुटायच्या दिवसांनंतर झाला नसेल असा आवाज झाला. सगळ्यांच्या माना वळल्या. घोटरावांचे डोळे मिटलेले. घोट एका गालातून दुसऱ्या गालात गेला, परत आला. मग त्यांनी पायाशी पाहिलं. पितळी डबा नव्हता. कुंडी होती. त्यांनी जावयाची कित्येक आठवड्यांची मेहनत शांतपणे झाडाच्या मुळाशी घातली.

लेकीच्या हातातला ट्रे कलला. मग दाढीवाले पुढे आले.

"आपण व्यावसायिक दिसता," ते आदराने म्हणाले. "एखादा चमचा मिळेल का?"

एकाने चमचा मागितला की न मागणारा अडाणी ठरतो. थोड्याच वेळात गॅरेजभर सुरक्यांचा असा गजर सुरू झाला की बाहेरून कुणाला वाटावं आत म्हशींचा गोठा आहे. सुशिक्षित मंडळी कुंडीपाशी रांगेत उभी राहिली. वेदना सांगणाऱ्यांची वेदना दुप्पट झाली, चॉकलेटवालीला आता लाकूडही लागायला लागलं. जावई टाकीला टेकून आपली बिअर झाडाला जाताना बघत होता. पीत होत्या त्या दोघीच, हॉटेलवाल्या बाई आणि घोटरावांची बायको. बायकोचा पहिला ग्लास संपला होता. "मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणत तिने दुसरा उचलला.

"तुमचं काय मत?" दाढीवाल्यांनी घोटरावांना विचारलं.

लेकीने तिथूनच मान हलवली. घोटरावांना ती दिसली. त्यांनी खरोखर प्रयत्न केला. 'छान' हा शब्द जिभेच्या टोकापर्यंत आणला. पण ती जीभ त्या शब्दाला सरावलेली नव्हती.

"बिअरमधलं मला काही कळत नाही," ते म्हणाले. हे विनयाने झालं. एवढ्यावर थांबले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. "पण यातली कॉफी जळालेली आहे. भाजणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे होतं. असल्या माणसाला भट्टीपाशी उभं करणं म्हणजे मालाचा खून. कुणाकडून घेतलीत? त्याला सांगा, दुसरा धंदा बघ."

जावयाने बुटांकडे पाहिलं. लेकीने आईकडे पाहिलं. आईने ग्लास खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "अहो, तुमचीच आहे ती."

"माझ्या भट्टीतून जळका दाणा बाहेर जात नाही."

"जात नाही. मी नेला. मागच्या दाराशी पोतं ठेवलं होतंत ना, कुंड्यांना घालून टाक म्हणून? इतकी चांगली कॉफी झाडाला घालायचं माझ्या जिवावर आलं. जावईबापूंना दिली. म्हटलं, बघा काही होतंय का."

आता मात्र सगळं आठवलं, आणि आठवलं ते एकट्या घोटरावांनाच नाही, लेकीलाही. लेकीचा फोन आला तेव्हा ढोल फिरत होता. दाणे तडतडायला लागले होते. हात दांड्यावर होता, दांडा ओढला की दाणे बाहेर परातीत पडतात, एवढंच करायचं होतं. पण कानाला फोन होता आणि फोनमध्ये जावयाने सोडलेली नोकरी होती. ओरडण्याच्या भरात हात तसाच राहिला. धुराचा ठसका लागला तेव्हा कुठे घोटराव भानावर आले. सबंध आयुष्यात त्यांनी जाळलेला तो एकच घाणा. घरी ते म्हणाले होते, भट्टीत बिघाड झालाय. भट्टीने बिचारीने ऐकून घेतलं.

म्हणजे आपण मघापासून जे चाखत आहोत ती वेदना नसून एका सासऱ्याचा संताप आहे, हे दाढीवाल्यांच्या लक्षात आलं नाही. ते वहीत भराभर काहीतरी लिहीत होते.

तेवढ्यात हॉटेलवाल्या बाई स्टुलावरून उतरल्या.

"जळकी असेल नाहीतर कशीही असेल," त्या म्हणाल्या, "मला हीच हवी. अगदी हीच. पण दर खेपेला अशीच लागली पाहिजे. पुढच्या महिन्यात पुन्हा येते, दुसऱ्या खेपेची चव बघते. जुळली तर ठरलं. नाही जुळली तर तुमचा आमचा वेळ वाचला."

त्या गेल्या. जावई घोटरावांसमोर येऊन उभा राहिला. "सर, पोतं संपलं. मी बाजारातून जळकी कॉफी आणून बघितली. तशी लागत नाही. तुम्ही किती वेळ भाजली होतीत, तेवढं सांगितलंत तर..."

घोटरावांनी खिशातला चमचा चाचपला. मग त्यांच्या तोंडून बायकोनेसुद्धा कधी न ऐकलेलं वाक्य ते म्हणाले.

"मला माहीत नाही."

पुढचा आठवडा घोटरावांनी कुणाशी बोलण्यात वाया घालवला नाही. लोकांना वाटलं अपमान झाला म्हणून. खरी गोष्ट अशी की ते भट्टीचं दार लावून कॉफी जाळायचा प्रयत्न करत होते आणि जाळता येत नव्हती. दाणे तपकिरी होईपर्यंत सगळं ठीक. पहिला तडतडाट झाला, सरला की हात आपोआप दांड्याकडे जायचा आणि दांडा ओढायचा. एकदा त्यांनी हात खिशात घातले. हात खिशातून निघून दांड्यावर गेले. एकदा खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. वासाने आत ओढून आणलं. परातीत पुन्हा तेच, एकसारखे, तकतकीत, निर्दोष दाणे. घोटरावांना त्यांचा वीट आला. आपण इतके चांगले आहोत याचा त्रास या माणसाला पहिल्यांदाच होत होता. इतरांना तो बराच आधीपासून होत होता.

मग एके सकाळी लेक आली. दारात उभी राहून म्हणाली, "आई म्हणाली तुम्हाला जमत नाहीये."

"दाण्यात ओल आहे."

"बाबा."

"ये, ये आत. दारात उभी राहू नकोस, वारा लागतो ढोलाला."

ती येऊन पोत्यांवर बसली. घोटरावांनी घाणा ढोलात ओतला, जाळ मोठा केला. दोघं ढोलाकडे बघत राहिली. बघायला ढोल असला की बरं असतं.

"मला एक सुचलंय," लेक म्हणाली. "तुम्ही घड्याळ बघितलं नव्हतंत, मीही नव्हतं. पण काय काय बोललो ते मला सगळं पाठ आहे. तेवढंच पुन्हा बोलू. बोलणं संपेल तेव्हा दाणे काढायचे."

"भांडून कुणी कॉफी भाजतं का?"

"तुम्ही भाजलीत की. फोन केला तेव्हा तडतड ऐकू येत होती. आली की सुरू करते."

तडतड आली. घोटरावांचा हात दांड्याकडे निघाला, लेकीने तो धरून खाली घेतला.

"बाबा, यांनी नोकरी सोडली."

"हं."

"हं नव्हतं. 'कुणाला विचारून' म्हणाला होतात."

"कुणाला विचारून?"

"असं नाही. ओरडून."

"कुणाला विचारून सोडली?" घोटराव जरा चढ्या आवाजात म्हणाले. शिंप्याची कात्री थांबली.

"मला विचारून. आम्ही बिअर बनवणार आहोत."

"मग मी काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात, मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. वरून भाजलेला, आतून कच्चा."

ढोल फिरत होता. दुसरी तडतड सुरू झाली होती, बारीक, पाचोळ्यावर पाय पडल्यासारखी.

"म्हणा ना. वेळ चाललाय."

"वरून भाजलेला..." घोटराव पुटपुटले. "हे मी म्हणालो?"

"शेजाऱ्यांना विचारा. भिंतीपलीकडे आहेत."

भिंतीपलीकडून शिंपी खाकरला. तो साक्षीला तयार होता.

"मग तू काय म्हणालीस?"

हे वाक्य लेकीला पाठ होतं, पण समोरासमोर म्हणायचं म्हणजे वेगळं.

"मी म्हणाले, तुम्हाला सगळं नुसतं चाखून बघायचं असतं, बाबा. आत काही घ्यायचं नसतं. माणसंसुद्धा."

खोलीत धूर साचायला लागला होता.

"मग मी फोन ठेवला," घोटराव म्हणाले.

"आपटला."

"आपटला. मग तसाच उभा राहिलो."

"किती वेळ?"

"ठसका लागेपर्यंत."

मग दोघं ठसका लागायची वाट बघत उभी राहिली. आधी लेकीला लागला, पण तो मोजायचा नव्हता. घोटरावांचे डोळे चुरचुरत होते. ते तिच्याकडे बघत नव्हते. "तू त्या दिवशी..." असं काहीतरी ते सुरू करणार, तेवढ्यात त्यांनाही ठसका लागला. त्यांनी दांडा ओढला. काळे, तेलकट, लाज वाटावी असे दाणे धुरासकट परातीत कोसळले.

लेकीने खिडकी उघडली. घोटरावांनी एक दाणा फुंकून तोंडात टाकला, दाढेखाली फोडला, डोळे मिटून चघळला. लेक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. हॉटेलवाल्या बाई, गॅरेज, नवऱ्याची टाकी, सगळं त्या एका दाढेखाली होतं.

"झालं का तसं?" तिने न राहवून विचारलं.

"नाही," घोटराव म्हणाले. "जळलंय, पण तसं नाही. राग कमी पडला."

"मग?"

"मग काय, उद्या परत ये." त्यांनी दाण्यांवरून हात फिरवला आणि पाठ वळवून जाळ कमी करायला लागले. "आणि त्यालाही घेऊन ये. त्याला समोर बघून येईल थोडाफार."